देठाला लोखंड लावायचं नाही

पावणेतीनशे माणसे श्वास रोखून एका पांढऱ्या फुलाकडे पाहत असतील, तर ती एकतर वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसलेली असतात किंवा तो वर्ग पुरता विसरलेली असतात. त्या रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या सभागृहात जमलेली मंडळी दुसऱ्या प्रकारातली होती. शाळेत त्यांच्यातल्या प्रत्येकाने देठाच्या आडव्या छेदाची आकृती काढली होती, टोकदार पेन्सिलीने तिच्यात ठिपक्यांचे कडे भरले होते, बाण मारून नावे लिहिली होती, दोन गुण मिळवले होते. आणि त्या दोन गुणांची आयुष्यात पुन्हा कधी गरज पडेल, ही शंका त्यांना शिवली नव्हती.

"झालं! एकोणीस नंबरचं झालं!" पहिल्या रांगेतल्या बाई ओरडल्या.

मंचासमोरच्या लांब टेबलांवर काचेचे उंच पेले ओळीने मांडले होते. प्रत्येक पेल्यावर नंबराची चिठ्ठी, प्रत्येकात आरपार दिसणारे स्वच्छ पाणी, आणि पाण्यात एकेक पांढरे कार्नेशन. सकाळी आठला ठेवलेल्या पहिल्या तुकडीपैकी एकोणीस नंबरच्या फुलाला कडेने बारीक तांबडी रेघ उमटली होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती पाकळीच्या शिराशिरांत पसरत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. एकोणीस नंबरचे आजोबा, ज्यांची तक्रार फक्त ढेकरांची होती, उभे राहून दिग्विजयी सेनापतीसारखे हात हलवू लागले.

मंचावरच्या खुर्चीत पाकळीबाबा बसले होते. त्यांचे खरे नाव कुणाला ठाऊक नव्हते, आणि ते विचारण्याइतका संशय आजवर कुणाला आला नव्हता.

"पाणी पारदर्शक," बाबा म्हणाले. "फूल पांढरं. मग रंग आला कुठून? तुमच्यातून आला! तुमची नाडी तुंबलेली होती, ती मोकळी झाली, आणि तिचा हुंकार फुलाने ऐकला. फूल जिवंत आहे, बरं का! त्याला सगळं कळतं. डॉक्टरला यंत्र लागतं, फुलाला लागत नाही. याला क्वांटम म्हणतात. क्वांटम म्हणजे काय? जे दिसत नाही पण असतं, ते क्वांटम! विज्ञान आज जिथे पोहोचतंय ना, तिथून आम्ही कधीच निघालो आहोत!"

हे शेवटचे वाक्य मात्र अक्षरशः खरे होते. बाबा विज्ञानापासून निघाले होते आणि अजून न थांबता चालत होते.

"नियम एकच," त्यांनी एक बोट वर केले. "देठाला लोखंड लावायचं नाही. कात्री नाही, सुरी नाही, ब्लेड नाही. आणि जे देठाला नाही, ते देहालाही नाही! जिथे लोखंड शिरलं, तिथून चैतन्य उठलं."

पाचव्या रांगेत बसलेल्या फुलवालीने हे वाक्य ऐकले आणि शेजारी बसलेल्या आत्याचे मनगट जरा घट्ट धरले. त्या मनगटातली नाडी मिनिटाला छत्तीस ठोके देत होती, आणि तेही मनात आले तर.

फुलवालीचे चौकात फुलांचे दुकान होते; बावीस वर्षे तिने दुसरे काही केले नव्हते. आई गेल्यावर तिला या आत्यानेच वाढवले होते. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. एकतीस वर्षे कानाला यंत्र लावून तिने दोन टोकांच्या माणसांना जोडून दिले होते, आणि आवाजात अजून तो हुकमी करडेपणा होता. पंधरा दिवसांपूर्वी ती ओट्यापाशी उभी असताना काही न बोलता खाली कोसळली. जे काही करायचे ते बोलून करणाऱ्या त्या बाईचे हे गप्प पडणे फुलवालीच्या काळजात रुतून बसले होते.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर हृदय काढून दाखवले होते. ठोक्याचा निरोप वरच्या कप्प्यातून निघतो. तो खाली नेण्यासाठी हृदयातच खास पेशींची एक वाट असते. त्या मुळात स्नायूच्याच पेशी. पण आकुंचन पावण्याचे काम त्यांनी बहुतेक सोडून दिलेले असते आणि निरोप वाहून नेणे एवढेच पत्करलेले असते. आत्याच्या हृदयात ती वाट मधेच अडत होती. वर सगळे ठाकठीक, खालचे स्नायूही धडधाकट. फक्त निरोप पोहोचत नव्हता.

"मग वाट साफ करा की," आत्या म्हणाली होती.

"ती साफ होत नाही, आजी. गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं, त्यातून बारीक तार हृदयात सोडायची. तासाभराचं काम आहे."

"तार? बॅटरी? मी काय रेडिओ आहे?"

आणि त्याच संध्याकाळी, पित्त बरे झाल्याच्या आनंदात असलेली शेजारीण आत्याला पाकळीबाबांची कीर्ती सांगून गेली. ऑपरेशनची तारीख आठवड्याने पुढे गेली. मागच्या रविवारी आत्याचे फूल पांढरेच राहिले. "नाडी फार तुंबलीय, माउली," बाबा म्हणाले, "सात दिवस चैतन्यजल घ्या, मग बघू." सात दिवस आत्याने बाटलीतले पाणी घोटघोट घेतले. त्यात ती दोनदा चक्कर येऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा तारीख बदलून देताना फुलवालीला बाजूला घेऊन सांगितले होते, "आता पुढे ढकलू नका. एखाद्या वेळी निरोप पोहोचायचा पूर्ण थांबेल, आणि मग आपल्याला वेळ मिळणार नाही."

ती तारीख उद्याची होती. इस्पितळाचे पत्र आत्याच्या पर्समध्ये होते, आणि घरून निघताना आत्याने अट घातली होती, "आज फूल तांबडं झालं तर मी हे पत्र बाबांच्या हातात देणार. पांढरं राहिलं तर उद्या मुकाट्याने तुझ्याबरोबर येते. कबूल?"

फुलवालीने कबूल केले होते, कारण दुसरे काही कबूल करायला आत्याने ठेवलेच नव्हते.

सभागृहात गारठा होता, तरी छतावरचे सहाही पंखे भरधाव फिरत होते. माणसे शाली आणि स्वेटर आवळून बसली होती. "पंखे कशाला लावलेत हो एवढे?" फुलवालीने पलीकडच्या गृहस्थांना विचारले. ते प्लंबर होते. गुडघा धरून आले होते.

"प्राण खेळता राहायला," प्लंबर म्हणाले. "माझा गुडघा मात्र गोठला."

फुलवालीच्या दुकानात पंखा फुलांवर कधीच सोडत नसत. वाऱ्यात फुलांचे पाणी झपाट्याने उडते, ती अधाशासारखी पाणी ओढतात, आणि दोन दिवसांचा माल एका दिवसात माना टाकतो. ज्याला फुलांच्या मनातले कळते, त्याला एवढेही कळू नये याचे तिला नवल वाटले. नवलाच्या पुढे ती अजून गेलेली नव्हती.

पांढऱ्या साडीतली सेविका परडी घेऊन रांगेत आली. "त्रेसष्ट नंबर. घ्या, आजी. लोखंड लावू नका."

तो आवाज ऐकून फुलवालीने मान वर केली. दर शनिवारी दुपारी हाच आवाज फोनवर तिच्याकडून पांढऱ्या कार्नेशनचे खोके मागवत असे. पत्ता कुठल्याशा सजावटवाल्याचा असे. आणि दर शनिवारी त्यांचा तोच वाद होई.

"पाण्याच्या बादलीतून नका पाठवू. खोक्यात, कोरडी."

"अहो बाई, तहानतील ती!"

"तहानलेलीच हवीत."

गिऱ्हाईक अडाणी आहे, असे म्हणून फुलवाली दर शनिवारी फोन ठेवत आली होती. आता तिला वाटू लागले, की त्या दोघींपैकी अडाणी कोण होते ते पुन्हा तपासायला हवे.

आत्याने फूल भाचीपुढे धरले. "तूच ठेव गं पेल्यात. माझ्याच्याने सांडायचं."

फुलवालीने फूल हातात घेतले. ते तिचेच होते. खालची पाने चार बोटे मोकळी केलेली, तिच्या हातची. पण तिच्या दुकानातून प्रत्येक देठ तिरका कापून जात असे, आणि याचे टोक सरळ होते. म्हणजे ज्या देठाला लोखंड लावायचे नव्हते, त्याला कालपासून आजपर्यंत कुणीतरी कात्री लावली होती.

हा विचार पुरता व्हायच्या आतच तिच्या हाताने आपले काम उरकले. बावीस वर्षांत फूल पाण्यात ठेवण्यापूर्वी तिने देठाचे टोक ताजे केले नाही, असे एकदाही घडले नव्हते. दारात तिची कात्री काढून टोपलीत टाकली होती. पण नखे कुणी काढून घेतली नव्हती. अंगठा आणि तर्जनी मिटली, कट्कन आवाज झाला, आणि दोन बोटे लांबीचा तुकडा तिच्या तळहातावर पडला.

अंगठा लालभडक झाला होता. बोट कापले असे वाटून तिने ते तोंडात घातले. रक्ताची चव नव्हती. मग तिने तुकडा उजेडाकडे धरला. राखाडी-हिरव्या, मेणचट देठाच्या मोडलेल्या तोंडावर बारीक तांबड्या ठिपक्यांचे कडे उमटले होते. शाळेतल्या पेन्सिलीच्या आकृतीसारखे, फक्त रंगीत.

ती उठली, फूल त्रेसष्ट नंबरच्या पेल्यात ठेवले आणि जागेवर येऊन बसली.

"आत्या, आपलं फूल तांबडं होणार."

"तुझ्या तोंडात साखर पडो!" आत्याचा चेहरा उजळला.

"अगं, होणार म्हणजे झालेलंच आहे. हे बघ. रंग देठात आधीच भरलाय."

आत्याने चष्मा वर-खाली करून तुकडा पाहिला आणि तिचा चेहरा कठोर झाला. "तू देठ मोडलास? कार्टे, माझ्या जिवाशी खेळतेस? आता ते पांढरं राहील!"

"राहू दे की. पांढरं राहिलं तर उद्या इस्पितळात, आपलं ठरलंय. आणि तांबडं झालं, तर देठ मोडल्याने काही बिघडत नाही एवढं तरी मान."

आत्याने तुकडा पुन्हा चष्म्याजवळ नेला. एकतीस वर्षे लोकांच्या थापा दोन्ही बाजूंनी ऐकलेली ती बाई होती. भीतीने तिची अक्कल झाकली होती, पण गेलेली नव्हती. "एकावरून काही कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "एक राँग नंबर लागला म्हणून कुणी एक्स्चेंज बंद करत नाही."

"बरोबर. मग अजून मोडू."

"माझं मोडा," प्लंबरांनी आपले फूल पुढे केले. "आमच्या धंद्यात आत बघितल्याशिवाय कुणी बोलत नाही."

त्यांचा देठ मोडला. आतून पांढरट हिरवा, स्वच्छ.

"तुमचं पांढरं राहणार."

"म्हणजे गुडघा गेला का माझा?"

"गुडघ्याचा काही संबंधच नाही, दादा!"

रांगेतल्या माणसांचे कान टवकारले. सेविका पुढच्या रांगेत फुले वाटत होती; ज्यांच्या हातात फूल आले होते त्यांनी ती एकेक करून मागे सरकवली. फुलवालीने बारा देठ मोडले. आठांत तांबडे ठिपके, चारांत काही नाही. प्लंबरांनी कानामागची पेन्सिल काढून सगळे नंबर आपल्या फुलाच्या चिठ्ठीमागे लिहिले आणि वर मथळा दिला: भविष्य.

मोडलेली फुले आपापल्या नंबरच्या पेल्यांत गेली, आणि मग सगळे बसून राहिले. बाबा दीड तास बोलले. सूक्ष्म शरीर, अतिसूक्ष्म शरीर आणि त्याहूनही सूक्ष्म असे, ज्याला बाबांनाही नाव सापडले नव्हते, अशा तीन शरीरांचा परिचय त्यांनी करून दिला. फुलवालीचे लक्ष आत्याच्या मनगटावर होते. एकदा तर दोन ठोक्यांच्या मध्ये एवढे अंतर पडले, की तिने स्वतःचा श्वास धरून ठेवला. मग ठोका आला, आणि तिच्या मनातल्या उरल्यासुरल्या संकोचाची राख झाली. इथल्या प्रत्येक शब्दाची किंमत या मनगटातून वसूल होत होती.

"माउलींनो, बघा तुमच्या फुलांकडे!" बाबा गरजले.

"थांबा!" प्लंबर एका पायावर उभे राहिले. "आधी मी सांगतो. एकसष्ट तांबडं! बासष्ट पांढरं! त्रेसष्ट तांबडं! चौसष्ट, पासष्ट तांबडी! सहासष्ट पांढरं, ते माझं!"

माना टेबलाकडे वळल्या. एकसष्ट तांबडे, बासष्ट पांढरे. प्लंबर चिठ्ठी वाचत गेले आणि फुले शाळेतल्या हजेरीसारखी हो म्हणत गेली. बारापैकी बारा.  त्रेसष्ट नंबरचे, देठ मोडलेले फूल कडेने सुंदर तांबडे झाले होते.

"ही विद्या आपल्याला कुणी दिली?" बाबांनी सावधपणे विचारले. प्रतिस्पर्धी ओळखण्यात त्यांना कसलेच क्वांटम लागत नव्हते.

"विद्या नाही. देठ मोडून बघितले," फुलवाली उभी राहून म्हणाली.

"लोखंड! लोखंड लावलं! ऐका, मंडळी, हिने..."

फुलवालीने दोन्ही हात वर केले. नखे लाल झाली होती. "कात्री तुमच्याच दारात ठेवलीय. लोखंड मी लावलं नाही, तुमच्याकडे लागलंय. माझ्या दुकानातून काल ही फुलं तिरकी कापून आली, इथे सरळ कापलेली आहेत. कुणी कापली?"

"मी नाही, मी फक्त रंगातून काढून पुसते," सेविका म्हणाली, आणि मग तिने आपले तोंड स्वतःच्या हाताने बंद केले.

या क्षणी सत्याचा विजय झाला असे लिहायला हरकत नव्हती, पण तसे झाले नाही. चौथ्या रांगेतल्या एक बाई धावत आल्या आणि फुलवालीच्या लाल हाताला बिलगल्या. "ताई, तुम्हाला आधीच दिसतं! माझ्या मुलीचं सांगा ना, नोकरी कधी लागेल?" मागून आणखी दोघे उठले. एकोणीस नंबरचे आजोबा तर आपल्या ढेकरांसह पक्ष बदलायला तयार होते. फुलवालीच्या अंगावर काटा आला. एका खुर्चीवरून उठलेला विश्वास जमिनीवर पाय न ठेवता दुसऱ्या खुर्चीत बसायला निघाला होता.

"मागे व्हा!" ती ओरडली. "मला काही दिसत नाही! मी फुलवाली आहे! हे घ्या, तुमच्या हाताने मोडा. मोडा म्हणते ना!"

त्या बाईंनी टेबलावरच्या पेल्यातून आपले फूल उचलले आणि घाबरत घाबरत त्याचा देठ मोडला. ठिपके दिसले. त्यांनी आपल्या लाल अंगठ्याकडे पाहिले, मग मंचाकडे, आणि सभागृहभर कट्कट् असा आवाज सुरू झाला. शंभर-दीडशे देठ मोडले जात होते.

"आता ऐका," फुलवाली म्हणाली. "देठात उभ्या बारीक नळ्या असतात. कालची माझी फुलं कोरडी मागवली, तहानलेली. ती दाट रंगात उभी केली. ती तो घटाघटा प्यायली. रंग देठात चढला, पाकळीत पोहोचायच्या आत बाहेर काढून थंड, बंद जागेत ठेवली. तिथे फूल पाणी जवळजवळ ओढतच नाही. सकाळी स्वच्छ पाण्यात ठेवली आणि वर पंखे लावले. खालून पाणी चढलं, त्याने पुढचा रंग वर ढकलला. ज्यांना पुढच्या रविवारी परत बोलवायचं, त्यांची फुलं रंगात घातलीच नाहीत. झालं तुमचं चैतन्य!"

"आत्ता कळलं!" प्लंबर म्हणाले. "टाकी धुतल्यावर नळाला आधी गढूळ पाणी येतं, तसं. पाइपात जे भरलेलं तेच आधी बाहेर येणार! एक मिनिट हं, मागचं सिंक तुंबलेलं नाही ना, बघून येतो." ते लंगडत मंचामागच्या खोलीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात बादली होती. बादलीतल्या रंगात अजून दहा-बारा फुले तहान भागवत उभी होती. गुडघा धरायचे ते पूर्ण विसरले होते.

देठातली पाणी वाहणारी ती नळी ज्या पेशींची बनते, त्या पेशी आधी आपल्या भिंती जाड करतात, मग आतले सगळे रिकामे करून मरतात. आणि मेल्यावरच त्यांचे काम सुरू होते. वरच्या पाना-पाकळ्यांतून हवेत उडणारे पाणी खालच्या पाण्याला या मेलेल्या, पोकळ नळ्यांतून खेचून घेते. पाकळीबाबा ज्याला फुलाचे जिवंतपण म्हणत होते, तो प्रवास फुलातल्या सर्वांत मृत भागातून चालला होता. त्यात ऐकणे नव्हते, हुंकार नव्हता, कुणाच्या पित्ताची चौकशी नव्हती. आणि हे काही गुप्त ज्ञान नव्हे. ते दोन गुणांना विचारले जाते.

"तुमच्या संशयामुळे आज चैतन्य परत गेलं आहे," बाबा उठत म्हणाले. एवढ्या गोंधळातही दहा-पंधरा माणसांनी मान डोलावली. बाबा त्यांच्याकडे पाहून प्रसन्न हसले; ते पुढच्या गावची आखणी करत असावेत.

फुलवाली आत्याकडे वळली. आत्याने पर्स उघडली होती आणि इस्पितळाचे पत्र हातात घेतले होते. 

"तांबडं झालं तर पत्र बाबांना द्यायचं ठरलं होतं," आत्या म्हणाली.

"आत्या..."

"ठरलं म्हणजे ठरलं." आत्या उठली, सावकाश मंचापाशी गेली आणि पत्र बाबांच्या नाकासमोर धरले. "वाचा. मोठ्याने वाचा, मागच्या रांगेलाही ऐकू जाऊ दे. नाडीचे ठोके किती लिहिलेत?"

"छ... छत्तीस."

"सात दिवस तुमचं पाणी प्यायले. आता मोजा." तिने मनगट पुढे केले. "मोजा ना, फुलाला कळतं, तुम्हाला का कळू नये?"

बाबांनी हात मागे घेतला. आत्याने पत्र त्यांच्या बोटांतून काढून पुन्हा पर्समध्ये ठेवले. "दिलं होतं. परत घेतलं. चल गं घरी. बॅग भरायचीय."

दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपण्यापूर्वी आत्याने डॉक्टरीणबाईंकडून ते चित्र पुन्हा काढून घेतले आणि या वेळी नीट पाहिले. "म्हणजे वरचा फोन चालू, खालचा फोन चालू, आणि मधे जोडून देणारी बाई झोपलीय!"

"अगदी तसंच, आजी."

"मग हे आधी नाही का सांगायचं? एकतीस वर्षं मी तीच बाई होते. घाला तुमची तार."

तासाभरात तार बसली. संध्याकाळी फुलवालीने मनगट धरले तेव्हा ठोके सत्तर होते आणि घड्याळाच्या काट्यासारखे नियमित होते. तिने मिनिटभर मोजले, मग खात्रीसाठी आणखी एकदा, आणि मग आत्याचा हात डोळ्यांना लावला. "रडतेस काय," आत्या म्हणाली, "मोज, आकडा विसरशील."

पुढच्या शनिवारी कोरड्या फुलांसाठी फोन आला नाही. पाकळीबाबांनी म्हणे दुसऱ्या एका शहरात आता मेणबत्तीच्या ज्योतीवर काम सुरू केले आहे. तिथेही काहीतरी न करण्याचा एक नियम असेलच. फुंकर घालू नका, जवळून पाहू नका, झाकण उघडू नका. वाचकांना एवढीच विनंती आहे, की जिथे असा नियम सांगितला जाईल, तिथे श्रद्धेच्या आधी बोटे वापरा. ज्या गोष्टीत खरेपणा आहे, ती तपासल्याने कमी होत नाही. डॉक्टरीणबाईंनी आपले चित्र दोनदा काढून दाखवले, यंत्र हातात दिले, तारेला हात लावू दिला, आणि शंका विचारल्यावर त्यांना एकदाही राग आला नाही. फरक ओळखायला याहून जास्त शिक्षण लागत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी शेजारीण भेटायला आली होती. आत्या उशीला टेकून बसली होती. बाजूच्या टेबलावर पेल्यात स्वच्छ पाणी आणि त्यात एक पांढरे कार्नेशन होते. बोलता बोलता शेजारणीचे लक्ष तिकडे गेले आणि तिचे डोळे विस्फारले. पाकळ्यांच्या कडेने तांबडी रेघ उमटत होती.

"अगंबाई! आत्या, तुमचं फूल तांबडं झालं! म्हणजे बाबांची कृपा..."

आत्याच्या सांगण्यावरून आदल्या रात्री ते फूल रंगात उभे करणारी फुलवाली काही बोलणार होती, पण आत्याने तिला हाताने थांबवले. मग तिने फूल पेल्यातून उचलून, एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या हुकमी आवाजात, शेजारणीसमोर धरले.

"मोड."

"अहो, पण देठाला..."

"लोखंड नाही, नख लाव. मोड म्हणते ना."

कट्कन आवाज झाला. शेजारीण आपल्या लाल अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"पित्ताची गोळी चालू आहे ना तुझी?" आत्याने विचारले.

"आहे की. रोज सकाळी घेते."

"मग," आत्या म्हणाली, आणि उरलेले फूल तिने पुन्हा पाण्यात ठेवले.